पाईकाचा हिशेब



आपल्या संप्रदायाचा सगळा व्यवहार पायांशी आहे. पंढरीचा धनी विटेवर समचरण उभा आहे. त्याच्या भेटीला आपण पायी जातो आणि गेल्यावर मागतो तेही पायांचेच दर्शन. पालखीत मिरवतात त्या पादुका. नामदेवरायांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, ती येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून. आषाढीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून देतात, फोडांना मलम लावतात, तुटलेल्या चपला फुकट शिवून देतात. फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिंड्या आमच्या बिडकीनवरून पैठणला जातात, तेव्हा पाय शेकायला गरम पाणी ठेवणारी घरे आमच्याकडेही आहेत. चालून आलेल्या माणसाचे पाय म्हणजे देवाचेच पाय, ही शिकवण आपल्याला आजोबा-पणजोबांपासून मिळाली आहे.

आज लिहायचे आहे ते दुसऱ्या एका चालणाऱ्याच्या पायांविषयी. तो म्हणजे सैनिक. ज्याला आपण अभिमानाने पाईक म्हणतो, त्या शब्दाचा मूळ अर्थच पायदळाचा शिपाई. 'मी विठोबाचा पाईक' असे आपण म्हणतो, तेव्हा शिपायाचाच शब्द उसना घेतलेला असतो. तुकोबारायांच्या गाथेत पाईकीचे अभंग आहेत, ते आपण कीर्तनात पुष्कळ ऐकले आहेत. पाईकाने जिवावर उदार व्हावे, हे त्यांत आहे. अशा पाईकाचा भार त्याच्या धन्याने वाहावा, हाही भाव त्यांत आहे. आपण निरूपणात पहिल्या भागावर तासभर बोलतो. दुसरा भाग घाईत सुटून जातो. त्या सुटलेल्या भागाविषयी हा लेख आहे.

आमच्या भागातल्या एका गावात एक माजी जवान राहतो. नाव-गाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. अठरा वर्षे पायदळात काढून तो घरी आला. घराण्यात माळ आहे, तो स्वतःही पंढरीची वारी करणारा. पण आता त्याला दिंडीत चालता येत नाही. सकाळी अंथरुणावरून उठून पहिले पाऊल टाकायचे म्हणजे टाचेत खिळा घुसल्यासारखे होते. तळव्याची कमान बसली आहे, घोट्याला सूज आहे. सामानाच्या ट्रॅक्टरवर बसून तो दिंडीबरोबर जातो आणि मुक्कामाला हरिपाठात उभा राहतो, तोही खांबाला टेकून. निवृत्त होताना मेडिकल बोर्डासमोर त्याची तपासणी झाली. बोर्डाने पायाचे अपंगत्व वीस टक्के मानले, पण पुढे लिहिले की हा त्याच्या शरीरप्रकृतीचा दोष आहे, तो सैन्यातल्या सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही. एवढ्या एका वाक्याने अपंगत्वाचे पेन्शन नाकारले गेले. ते पत्र त्याने पत्र्याच्या पेटीत ठेवून दिले.

मुलगा म्हणे, अपील करा. बायको म्हणे, करा. गावातले दोन-चार जाणते मात्र म्हणू लागले, 'देशाची सेवा केलीस, आता तिचा भाव काय करतोस? तू माळकरी. विठोबाने दिले ते गोड मानून घे.' हे बोलणे त्याच्या मनाला लागले. त्याने मला विचारले, 'महाराज, सेवा केली आणि मग तिचे मागितले, तर सेवा बाटते का?'

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात आपल्या संप्रदायाची एक नाजूक जागा आहे. निष्काम सेवा ही आपल्याकडे सर्वांत वरची मानली जाते. मग त्या माणसाने गप्प बसावे की काय? उत्तर देण्याआधी त्याच्या पायांचे काय झाले, ते नीट पाहू. धर्माचा निर्णय करायचा तर आधी वस्तुस्थिती माहीत हवी.

सैन्यात भरती होताना तरुणाला सोळाशे मीटर पळवतात. मग डॉक्टर तपासतात. त्यात पाय मुद्दाम पाहतात. तळवे सपाट असले तर परत पाठवतात. गुडघे एकमेकांना लागत असले तर परत पाठवतात. आपल्या मराठवाड्यातली कितीतरी पोरे पहाटे रस्त्यावर पळण्याचा सराव करतात आणि पायाच्या या तपासणीत घरी येतात. म्हणजे जो आत गेला, त्याचे पाय सरकारने स्वतः पाहून, पारखून, चांगले म्हणून घेतलेले असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

आत गेल्यावर त्या पायांकडून काय काम घेतले जाते? पाठीवर ओझे, अंगावर हत्यार, पायात जड बूट आणि डोंगर-दऱ्यांतून मैलोगणती चाल. आपण पंढरीला पंधरा-वीस दिवस चालतो आणि टाळ वाजवत चालतो, तरी पायाला फोड येतात. त्याची चाल वर्षानुवर्षांची. या चालीने तळव्याच्या शिरा ताणतात, टाच धरते, हाडांना बारीक तडे जातात. बर्फातली गोष्ट आणखी वेगळी. १९८४ सालच्या एप्रिलपासून आपले सैनिक सियाचीनच्या हिमनदीवर पहारा देत आहेत. तिथे थंडी शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत उतरते. अशा थंडीत शरीर आधी काळीज आणि आतले अवयव जपते. त्यासाठी ते हातापायांकडे जाणारे रक्त कमी करते. बोटे उपाशी राहतात, बधिर होतात आणि शेवटी मांसातले पाणी गोठते. त्याला हिमदंश म्हणतात. कधी बोटे काढावी लागतात. कधी बोटे वाचतात, पण पुढे जन्मभर थोड्या थंडीतही आग होते, ठणका लागतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत चिखल-पाण्यात दिवस दिवस उभे राहून सैनिकांचे पाय सुजून सडत. तेव्हापासून सैन्यात मोजे कोरडे ठेवण्याची आणि शिपायांचे पाय तपासण्याची शिस्त आली. शिपायाचे पाय सांभाळणे ही वरच्याची जबाबदारी आहे, हे सैन्यानेच मान्य केलेले आहे.

महाराष्ट्रात याची जुनी साक्ष आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हाताला धंदा मिळावा म्हणून १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले, ते आज पुण्याच्या खडकीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. सुरुंगावर पाय पडून पाय गमावलेले जवान तिथे येतात, नवा पाय लावून पुन्हा उभे राहायला शिकतात. ज्याचा पाय असा गेला, त्याच्याविषयी सहसा वाद होत नाही. ती जखम सगळ्या जगाला दिसते. वाद होतो तो न दिसणाऱ्या जखमेचा. पाय जागेवर आहे, बूट घातला की चांगलाही दिसतो, पण आत दुखणे आहे. अशा वेळी कागदावर एक वाक्य लिहिले जाते, 'सेवेशी संबंध नाही', आणि सगळा निर्णय त्या वाक्यावर टेकतो.

आता नियम सांगतो, कारण आपल्या वाचकांत माजी सैनिक आणि त्यांच्या घरची माणसे आहेत. आमच्या या जवानाला लागू असलेल्या नियमांप्रमाणे अपंगत्वाच्या पेन्शनला दोन गोष्टी लागतात. अपंगत्व वीस टक्के किंवा त्याहून जास्त असावे, आणि ते सेवेमुळे झालेले किंवा सेवेने बळावलेले असावे. 'बळावलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुखण्याचे बीज शरीरात असले, पण सेवेच्या कष्टाने ते वाढले, तरी हक्क उरतो. पेन्शन नाकारले तर सहा महिन्यांत पहिले अपील, तेही फेटाळले तर दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. हे न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने निर्माण झाले आणि २००९ साली सुरू झाले. त्याचे एक खंडपीठ मुंबईला आहे.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह या सैनिकाच्या प्रकरणात एक निकाल दिला. त्याचे दुखणे पायाचे नव्हते, झटक्यांचे होते, पण त्यात ठरलेले तत्त्व सर्वांना लागू पडते. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही, तो आजार घेऊन सैनिक आत आला असे म्हणता येणार नाही. आत येताना तो धडधाकट होता असेच धरायचे, आणि नंतर तब्येत ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असे मानायचे. तसे नसेल तर ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, सैनिकावर नाही. शंका राहिली तर तिचा फायदा सैनिकाला मिळेल. आणि बोर्डाला उलट मत द्यायचे असेल तर त्याची कारणे लिहावी लागतील. नुसते 'शरीरप्रकृतीचा दोष' म्हणून चालणार नाही.

पैशाचा हिशेबही सांगतो. त्या नियमांत शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के रक्कम, आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. समजा शेवटचे वेतन ४०,००० रुपये. शंभर टक्क्यांना १२,००० रुपये होतात, वीस टक्क्यांना २,४००. पण पन्नासच्या आतले मान्य अपंगत्व पन्नास धरावे अशी तरतूद आहे, आणि मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सांगितले. तेव्हा २,४०० चे ६,००० होतात. खेड्यातल्या घराला महिन्याचे ६,००० रुपये म्हणजे औषध, किराणा आणि नातवाची फी. आणि उशिराचाही दंड आहे. तरसेम सिंह प्रकरणात सैनिक सोळा वर्षांनी कोर्टात गेला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला थकबाकी दिली ती मागच्या तीनच वर्षांची. बाकीची वर्षे गेली ती गेली.

इथवर वस्तुस्थिती झाली. आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

जाणत्यांनी त्या जवानाला तुकोबारायांचे उदाहरण दिले होते. शिवरायांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, अशी कथा आपण सांगतो. मग माळकऱ्याने सरकारकडे हात कशाला पसरावा? या दृष्टांतात एक मेख आहे. नजराणा ही भेट असते. ती देणाऱ्याच्या खुशीची, घेणाऱ्याने नाकारली तर त्याचे वैराग्य. पण ज्याचे आपण लागतो, त्याला देणे ही भेट नसते. ते ऋण असते. ऋण फेडणाऱ्याने 'घेणारा फार विरक्त आहे' असे म्हणून हात आखडता घेतला, तर ते त्याच्याच माथी राहते. निष्कामता हा सेवा करणाऱ्याचा गुण आहे. सेवा घेणाऱ्याला ती सबब म्हणून वापरता येत नाही.

तुकोबांचीच दुसरी कथा इथे जास्त लागू पडते. घरात लोकांच्या देण्याची खतपत्रे होती. तुकोबांना ती इंद्रायणीत बुडवायची होती. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, तुम्ही विरक्त झालात, पण मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते तेवढी इंद्रायणीत सोडली. कीर्तनात ही कथा सांगताना आपण बुडवलेल्या अर्ध्यावर भर देतो. ठेवलेला अर्धाही तुकोबांनीच ठेवला आहे. त्यागाचा अधिकार आपल्या वाट्यापुरता. भावाच्या वाट्याचा त्याग त्यांनी केला नाही. मग त्या जवानाच्या पेन्शनमधला बायकोचा आणि लेकरांचा वाटा कोणी सोडायचा? आणि पारावर बसलेल्या जाणत्यांना तर त्या खतांतले एकही खत बुडवायचा अधिकार नाही. स्वतःच्या खिशातले न घालवता दुसऱ्याला विरक्ती शिकवणे फार सोपे असते.

आणखी एक गोष्ट आपल्याच गावच्या अनुभवातली. बिडकीन परिसरातल्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या. त्या वेळी मोबदल्यावर बैठका झाल्या, हुज्जत झाली, लोकांनी आंदोलनेही केली. त्यांत टाळकरी होते, विणेकरी होते. कोणी कोणाला म्हटले नाही, की 'जमीन देशाच्या कामी चालली, भाव काय करतोस?' म्हटले असते तर लोकांनी त्याला हाकलले असते. काळ्या आईचा मोबदला मागणे लोभ ठरला नाही. मग ज्याने जमिनीऐवजी तळपाय दिले, त्याने मागितले की लोभ कसा ठरतो?

कोणी म्हणेल, महाराज, हे सगळे खरे, पण शेवटी ज्याचे त्याचे प्रारब्ध. बोर्डाने 'शरीरप्रकृतीचा दोष' लिहिले, ते एका अर्थी प्रारब्धच की. माउली, इथे फार जपून बोलले पाहिजे. संतांनी प्रारब्ध हा शब्द बहुधा स्वतःच्या दुःखाला लावला आहे. आपल्यावर आलेले सोसताना तो शब्द धीर देतो. शेजाऱ्याच्या दुःखाला तोच शब्द लावला, की तो आपल्याला मदतीतून सुटका देतो. औषध तेच, पण ज्याने घ्यायचे त्यानेच घ्यावे. वारीत एखाद्याचा पाय मुरगळला तर आपण प्रारब्ध म्हणून पुढे जात नाही. त्याला बसवतो, पाय चोळतो, गाडीत घालतो. तो जवान अठरा वर्षांच्या वारीतून मुरगळलेला पाय घेऊन आला आहे.

आता नाथांकडे येतो. आमच्या बिडकीनच्या एका अंगाला पैठण आहे आणि दुसऱ्या अंगाला देवगिरीचा किल्ला. नाथांच्या बालपणीचे घर एकीकडे आणि गुरुघर दुसरीकडे. सद्गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते, म्हणजे आपल्या परंपरेतले एक मोठे गुरू हत्यारबंद नोकरीतलेच. गुरू समाधीत असताना शत्रू आला, तेव्हा नाथांनी गुरूंचा पोशाख अंगावर चढवून किल्ला राखला, ही कथाही परंपरा सांगते. त्या किल्ल्यावर नाथांकडे हिशेबाचे काम होते. एके दिवशी जमाखर्चात एका पैची चूक लागली. नाथ दिवा लावून बसले. अर्धी रात्र उलटली. चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. त्या आवाजाने स्वामी जागे झाले. म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडेल तेव्हा किती होईल!

या कथेचे निरूपण आपण शेवटच्या वाक्यावर करतो, आणि ते बरोबरच आहे. पण आज थोडे अलीकडे थांबू. नाथ रात्रभर जागले ते पैच्या लोभाने का? ती पै त्यांची नव्हतीच. पैने कोणाचे घर भरत नाही. पण हिशेब चुकीचा आहे हे कळल्यावर तो तसाच ठेवून झोपणे त्यांना जमले नाही. वहीत खोटे राहता कामा नये, एवढाच त्यांचा आग्रह. ज्याला पैचे खोटे सहन होते, त्याला संसाराचे खोटे कधी दिसणारच नाही, म्हणूनच स्वामींनी पुढची वाट दाखवली.

आता त्या जवानाचे पत्र या वहीशेजारी ठेवून पाहा. भरतीच्या दिवशी खाते उघडले. आरंभीची शिल्लक: दोन धडधाकट पाय, सरकारी डॉक्टरांनी तपासून घेतलेले. अठरा वर्षांनी खाते बंद झाले. शिल्लक: दोन दुखरे पाय. मधला खर्च कुठे पडला? वहीत लिहिले आहे, 'आमच्याकडे नाही.' मग कुठे? २०१३ च्या निकालाने जे सांगितले, ते नाथांच्या दिव्याखालचेच गणित आहे. आरंभीची शिल्लक ज्याने स्वतः मोजून घेतली, मधल्या काळात खाते ज्याच्या ताब्यात होते, त्याने तुटीचा हिशेब द्यायचा. अपील करणारा जवान भीक मागत नाही. तो म्हणतो, वही पुन्हा एकदा उघडा, दिवा लावा, पै कुठे गेली ते पाहा. यात पैसे आहेत, मी नाकारत नाही. पण पैशाआधी एक वाक्य आहे. 'तुझ्या पायांचे दुखणे आमच्या कामामुळे नाही' हे वाक्य खोटे असेल, तर ते खोटे सरकारी दप्तरात कायम राहू द्यायचे का, हा प्रश्न आहे. सत्याचा आग्रह धरल्याने सेवा बाटत नाही.

पण माउली, वहीला दोन बाजू असतात. नाथांना पै जमेच्या बाजूला सापडली असती तरी ती त्यांनी तिथेच मांडली असती. म्हणून हेही सांगितले पाहिजे, की ज्याचे दुखणे खरोखर सेवेशी संबंधित नाही, त्याने ओढूनताणून ते सेवेवर टाकू नये. नियम २०२३ साली बदलले. त्या वर्षीच्या २१ सप्टेंबरपासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. सवलतींचा काही जण गैरवापर करतात, अशी चर्चा त्या वेळी झाली, आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी नव्या नियमांना आक्षेपही घेतला. त्या वादात मी पडत नाही. इतकेच म्हणतो, की एकाने खोटा दाखला मांडला, की पुढच्या दहा खऱ्यांकडे संशयाने पाहिले जाते. खोटे मागणारा सरकारची पै घेतो आणि आपल्याच भावाच्या पायावर पाय देतो. खऱ्याने मात्र खोट्याच्या भीतीने मागे सरू नये. बाजारात खोटे नाणे आहे म्हणून खऱ्या नाण्याने पेटीत पडून राहायचे नसते.

मग ज्याला मागायचे आहे, त्याने कसे मागावे? मनात द्वेष न धरता. बोर्डातले डॉक्टर शत्रू नव्हेत. त्यांनी पंधरा मिनिटे पाय पाहिले, अठरा वर्षे पाहिली नाहीत. मागावे आणि निकालावर जीव टांगून ठेवू नये. निष्काम शब्दाची खरी जागा इथे आहे. कर्म पूर्ण करायचे, कागद नीट जोडायचे, मुदत पाळायची, खरे तेवढेच लिहायचे, आणि फळ आले तरी हरिपाठ, न आले तरी हरिपाठ. अपील न करणे म्हणजे निष्कामता, हा गैरसमज आहे. पुष्कळदा तो नुसता आळस असतो, किंवा कचेरीची भीती असते, आणि आपण तिला वैराग्याची शाल पांघरतो.

त्या जवानाला मी हेच सांगितले. त्याने पेटी उघडली. पहिले अपील गेले आहे, उत्तर यायचे आहे. येईल ते येवो. दिंडीबरोबर तो या वर्षीही ट्रॅक्टरवरच होता, पण गावातले लोक काय म्हणतील याची खंत त्याच्या तोंडावर दिसली नाही.

आणि आपण काय करावे? आपल्या प्रत्येक गावात एखादा तरी असा माजी सैनिक असेल. त्याला चार कागद हवे असतात: भरतीच्या वेळची वैद्यकीय नोंद, नोकरीतल्या आजारपणाच्या नोंदी, बोर्डाच्या अहवालाची प्रत आणि पेन्शन नाकारल्याचे पत्र. प्रत मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने अर्ज करता येतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याला मार्गदर्शन मिळू शकते, पण तिथवर जायला कोणीतरी बरोबर लागते. शिकलेल्या पोराने अर्ज लिहून द्यावा. गाडी असलेल्याने एक दिवस गाडी काढावी. दिंडीच्या चालकाने त्याला ट्रॅक्टरवर जागा द्यावी, आणि 'चालत नाही' असा टोमणा त्याच्या कानी पडू देऊ नये. हीही पायांचीच सेवा आहे. तिला तेल लागत नाही, पण वेळ लागतो.

पाईकाने आपला वाटा दिला आहे. धन्याचा वाटा अजून यायचा आहे, आणि लोकशाहीत धनी कोण, तर तुम्ही-आम्हीच. सरकार म्हणून बोट दाखवतो ती वही शेवटी आपल्या नावाची आहे. तिच्यात पैची तूट असेल तर झोप आपली उडाली पाहिजे.

पुढच्या वारीत किंवा गावच्या सप्ताहात एखादा माजी सैनिक तुम्हाला भेटेल. आपल्या रीतीप्रमाणे तुम्ही त्याच्या पाया पडाल, तोही तुमच्या पडेल. वाकलाच आहात तर उठण्याआधी एवढे विचारा, 'बाबा, पाय कसे आहेत?' आणि तो सांगू लागला तर खाली बसून ऐका.

रामकृष्ण हरी.